घाटावरच्या हवेचा गुण

बुलडाणा, २ एप्रिल १९६१

आज पाटी लागली. 'गिरिशोभा विश्रांतिगृह. शुद्ध हवा, घरगुती जेवण.' रंगाऱ्याने 'शुद्ध' एवढं मोठं काढलं आहे की बाकीची अक्षरं त्याच्या पायाशी बसल्यासारखी दिसतात. असू दे. विकायचं तेच आहे.

समोरचे नीळकंठ वकील लगेच रस्ता ओलांडून आले. "मार्तंडराव, हवा वजनावर देणार की मापावर?" मी म्हटलं, "तुम्ही बोलण्याचे पैसे घेता, मी श्वासाचे घेतले तर काय बिघडलं?" हसले. पण जाताना पुन्हा एकदा पाटीकडे बघून मान हलवलीच.

हसोत. कचेरीत जन्म गेला माझा. उन्हाळा लागला की आमचे साहेबलोक पचमढीला पळायचे आणि मी त्यांच्या फायली सांभाळायचो. आता पचमढी राहिली मध्य प्रदेशात आणि आपण आलो महाराष्ट्रात. महाबळेश्वर आपल्या लोकांना लांब पडतं. मग अकोला, खामगाव, मलकापूर मे महिन्यात तव्यासारखं तापलं की माणसाने जावं कुठे? राजूरचा घाट चढला की झुळूक लागते. पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागतं. हे आजवर कुणाला सुचलं नाही याचंच मला नवल वाटतं.

शैलजा म्हणाली, "स्वयंपाक मी करीन. पण जेवलेल्या माणसाकडे पैसे मागणं मला जमायचं नाही, ते तुमचं तुम्ही बघा." बघतो म्हटलं.

९ एप्रिल

पाहुणा नाही. या गावात माणूस दोनच कारणांनी येतो, तारीख आणि बदली. तारखेवाला कोर्टाच्या झाडाखाली भाकर सोडतो आणि संध्याकाळच्या यष्टीने परततो. बदलीवाला पहिल्या दिवसापासून परतीची खटपट करतो. हॉटेलं, टांगेवाले, दस्त लिहिणारे सगळे यांच्यावरच जगतात. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की बाजारपेठ जांभया देते. म्हणून तर माझी कल्पना चांगली आहे, असं मी स्वतःला रोज सकाळी सांगतो.

एक पत्रक लिहून छापायला दिलं. राजूर घाटाची वळणं, तळ्यावरची संध्याकाळ, एका दिवसात लोणारचं सरोवर, देऊळगाव राजाच्या बालाजीचं दर्शन, शरद ऋतूत डोंगरची सीताफळं. शेवटी लिहिलं, 'येथील हवेने जुनाट खोकला, अशक्तपणा व मंदाग्नी नाहीसे होतात.' शैलजाने विचारलं, हे कुणी सांगितलं? मी म्हटलं, पत्रकात असं लिहावंच लागतं.

२० एप्रिल

पहिला पाहुणा आला!

सोनाळ्याचे भगवानराव. जमीनजुमला बराच, डोक्याला पांढरा फेटा, बरोबर लेक आशा. वीस-एकवीस वर्षांची असेल, उंच, अंगाने फार वाळलेली. आखाजीच्या सणाला माहेरी आली ती तिकडे उन्हाने हैराण झाली. भगवानरावांच्या हातात माझंच पत्रक होतं, खामगावच्या अडतीत कुणीतरी दिलेलं. 'जुनाट खोकला' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "पोरीले हेच हाये. दुसरं काही नाही."

मी खोली दाखवत होतो तेवढ्यात सोनाळ्याचं नाव ऐकून शैलजा स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आली. तिचे वडील सोनाळ्याच्या शाळेत मास्तर होते, तिथेच ती लहानाची मोठी झाली. दोघांनी विहीर काढली, चिंच काढली, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरायची तेही काढलं. शेवटी भगवानराव म्हणाले, "मास्तराईची शैला? अवो, तुमच्या बापाच्या हातच्या छड्या खाल्ल्या मी!" झालं. माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, मग जात कोणतीही असो. आणि भावाची लेक म्हणजे भाची. भाचीकडून पैसे कसे घ्यायचे?

म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक फुकटात गेलं. पण घर भरल्यासारखं वाटलं, हेही खरं.

२३ एप्रिल

आज भगवानराव परत गेले. जाण्यापूर्वी त्यांनी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. आशाची आई ती लहान असतानाच गेली. दोन वर्षांपूर्वी धाड गावी दिली. माणसं चांगली, पण हिवाळ्यापासून हिचा खोकला थांबेना, तेव्हा सासूने 'बरी झाली की ये' म्हणून माहेरी पाठवलं. मी विचारलं, बरी झाली नाही तर? फेट्याचं टोक बोटांत फिरवत राहिले. "दुसरी आनतीन, दुसरं काय. पोराचं वय हाये."

शैलजा म्हणाली, "भाऊ, इथला सरकारी दवाखाना मोठा आहे. एकदा दाखवून घेऊ." भगवानराव हातच जोडून उभे राहिले. "ताई, तेवढं करू नोका. धाडचं कोनी ना कोनी रोज तिथं येते. कोर्टात आलं का दवाखान्यात डोकावते. एकानं पाह्यलं का संध्याकाळच्या गाडीनं बातमी धाडले पोचते. हवेनं होऊन जाईन बरं."

शैलजा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हवेने शंभर टक्के होईल. दोन महिने राहू द्या." ती आत निघून गेली.

खरं सांगायचं तर मलाही ते नकोच होतं. विश्रांतिगृहातली पहिलीच पाहुणी दवाखान्यात नेली, ही जाहिरात कशी दिसेल?

४ मे

आनंद! अकोल्याचे हायस्कूलचे मास्तर, पत्नी अन्नपूर्णाबाई आणि त्यांची छोटी मुलगी आली. मास्तर रीतसर भाडं देणारे आहेत. सकाळी अंगणात उभे राहून छाती फुगवून श्वास घेतात आणि 'वा' म्हणतात. मी खिडकीतून बघतो आणि मलाही छाती फुगवावीशी वाटते.

आशाला फरक आहे. गालांवर लाली आली. संध्याकाळी डोळे चमकतात, अंगही जरा ऊन लागतं म्हणे. नवं रक्त येताना असं होत असावं. मास्तरांना मी ती मुद्दाम दाखवली, "दोन आठवड्यांपूर्वी पाहायला हवी होती तुम्ही!"

शैलजाचं मात्र सोवळं अचानक वाढलं आहे. आशाचा पेला, ताटली वेगळी. भांडी उकळत्या पाण्यातून काढते. मास्तरांची पोर आशाच्या मांडीवर बसायला धावली की हिचं काहीतरी काम निघतं आणि पोर उचलून नेली जाते. भाची म्हणायचं आणि शिवाशिव पाळायची! मी तसं बोललो तर म्हणाली, "तुम्ही पत्रकं वाटा." इतक्या वर्षांत हिचा हा गुण मला दिसला नव्हता.

११ मे

सगळ्यांना घेऊन टांग्याने घाटाच्या तोंडापर्यंत गेलो. खाली मैदान भाजत होतं, वर आमचे पदर आणि उपरणी उडत होती. मी बोट दाखवून सांगत होतो, ते मोताळा, त्यापलीकडे मलकापूर. आशा दगडावर बसून राहिली. चढ थोडासाच, पण दमली. मधे उठून झुडपांमागे गेली आणि बऱ्याच वेळाने आली. ओठाच्या कोपऱ्यात लाल डाग होता. मी विचारलं तर पदराने पुसून हसली, "करवंदं खाल्ली काका." म्हटलं, मला नाही आणलीस? "पिकली नाहीत अजून," म्हणाली.

येताना तिने विचारलं, "काका, इथली सीताफळं कवा येते?" दसऱ्यापासून, मी म्हटलं. "तोवर तू ठणठणीत होऊन धाडला गेलेली असशील. नवऱ्याला घेऊन ये खायला." तिने मान खाली घातली, पण खूश झाली. चांगली पोर आहे. माझ्या पाटीवर तिचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या बायकोचा असता तर!

१७ मे

अधिक महिना लागला. आज मला एक कल्पना सुचली आणि ती माझी आहे याचा मला अभिमान आहे.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. आशाची आई नाही, मग आत्या म्हणून शैलजानेच ते करावं. जावई इथे येईल, आपल्या डोळ्यांनी बायकोची तब्येत बघेल, पंगतीत मास्तरांसारखी चार माणसं 'इथल्या हवेचा काय गुण' म्हणतील. त्याला दुसरा पुरावा काय हवा? भगवानरावांना कळवलं, ते हरखून गेले.

शैलजाने अनारशाचे तांदूळ भिजत घातले. मग म्हणाली, "येऊ दे त्याला. त्याला तरी दिसेल."

२८ मे

धोंडे जेवण पार पडलं. सविस्तर लिहितो.

शैलजा नको नको म्हणत असताना आशा पहाटेपासून चुलीपुढे बसली. "आत्या, माह्या हातचं खाऊ द्या त्याहीले. मंग त्याहीले समजीन का मी कामाची हाये." अनारसे तिनेच तळले. धुराने ठसका लागला की उठून परसात जायची, तोंड धुऊन पुन्हा बसायची. चेहरा लालबुंद, डोळे मोठे. हिरवं लुगडं नेसून वाढायला आली तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "किती गोड दिसते हो पोर!"

जावई पुंजाजी. खांद्याने रुंद, बोलायला कमी. मी दोन तास हवेवर बोललो, तो ऐकत होता आणि आशाकडे बघत होता. शैलजाने तांब्याच्या तबकात अनारसे मांडले, वर निरांजन ठेवलं आणि तबकासकट त्याच्या हातात दिलं. त्याने वाकून नमस्कार केला. भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवणानंतर पान खाता खाता तो मला कोपऱ्यात घेऊन गेला. हळूच म्हणाला, "काका, एक इचारू? खरं सांगजा. आशीले नेमकं काय झालं?"

मी म्हटलं, "काय म्हणजे? खोकला होता, गेला."

"काही असलं तं लपवू नोका. माह्या चुलतभावाले तेच झालं होतं. सरकारी दवाखान्यात वरीसभर सुया घेतल्या, गोळ्या खाल्ल्या. आता नांगर धरून राह्यला. आईचं मी पाहून घेईन. फक्त मले सांगा."

मी सावध झालो. कचेरीत असले गोड प्रश्न मी पुष्कळ ऐकलेत. आधी मायेने विचारतात, कबूल केलं की तेच कागदावर घेतात. मी एक शब्द बोललो असतो आणि याने धाडला जाऊन सांगितलं असतं, 'त्यांनीच कबूल केलं', की दुसरी बायको आणायला मोकळा! दाराआड आशा उभी होती. तिच्या बांगड्या हलल्या. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नाही, नाही. आणि पलीकडे झोपाळ्यावर मास्तर पान चघळत बसलेले. त्या रोगाचं नाव त्यांच्या कानावर गेलं असतं तर संध्याकाळच्या गाडीत बसले असते.

मी पुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, शपथेवर सांगतो, काहीही नाही. घाटावरच्या हवेने पोर बरी झाली."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हनता तं ठीक हाये." निज ज्येष्ठात मुहूर्त पाहून घेऊन जातो, असं ठरलं.

डाव जिंकला! एका संसाराची घडी बसली आणि पाटीचीही लाज राहिली.

२९ मे

शैलजाला मी हे सगळं हौसेने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्याने विचारलं? स्वतःहून विचारलं?" हो म्हटलं, आणि मी प्रश्न कसा चुकवला तेही सांगितलं. ती उठून परसात गेली.  बायकांना या गोष्टीतले डावपेच कळत नाहीत.

१८ जून

आशा गेली. पुंजाजी न्यायला आला होता. शैलजाने तिची ओटी भरली, आणि त्या वेळी इतकी रडली की मीच कानकोंडा झालो. पोर आनंदाने चालली आहे, तिच्यासमोर कशाला? आशाने आमच्या पाया पडून मला म्हटलं, "काका, तुम्ही सांभाळून घेतलं. नाही तं मले कोनी नेलं नसतं."

यष्टी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत होतो. पाऊस लागला, मास्तर मंडळी कधीच गेली. हंगाम संपला.

१६ जुलै

रिकामपण. पुढच्या वर्षीच्या पत्रकाचा मसुदा केला. त्यात एक वाक्य घातलं, 'धाड येथील एक सून केवळ आमच्या हवेने पूर्ण बरी होऊन सासरी नांदते आहे.' शैलजाला वाचून दाखवलं. तिने कागद घेतला आणि चुलीत घातला.  माझ्याकडे दुसरी प्रत आहे.

२२ ऑगस्ट

 लिहायला नको वाटतं, तरी लिहितो.

दुपारी धाडची जीप दारासमोर थांबली. मला वाटलं पाहुणे. मागे घोंगडीत गुंडाळलेली आशा. पेरणी-निंदणीत कामाला जुंपली होती, सांगणार कसं की होत नाही? काकाने शपथेवर बरी सांगितलेली. परवा शेतातच रक्ताची उलटी झाली. पुंजाजीने शैलजाला तेवढं बरोबर घ्यायला गाडी थांबवली, मला नाही. मी मागून चालत दवाखान्यात गेलो.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. छातीचा फोटो काढला, आणि म्हणाले की क्षयाने दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, सुया सुरू करतो, पण फार उशीर झाला. एप्रिल-मेमध्ये आणली असती तर बहुतेक वाचवली असती. दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

पुंजाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो.  तोच म्हणाला, आवाज न चढवता, "मी तुम्हाले इचारलं होतं ना काका."

एवढंच म्हणाला.

२४ ऑगस्ट

भगवानराव आले आहेत. आता वाटेल ते करा म्हणतात, नागपूरला नेतो म्हणतात. नेण्यासारखी नाही. धाडची माणसं रोज येतात, दवाखान्यात डोकावतात, कुणीही नाक मुरडत नाही. पुंजाजीची आई स्वतः पेज घेऊन आली. ज्या लोकांपासून लपवलं ते हेच.

मी शैलजाला म्हटलं, तू त्या वेळी का बोलली नाहीस? चुलीपुढून तिने मान वर केली नाही. "बोलले होते. तुम्ही माझं सोवळं काढलं." त्या वेगळ्या पेल्याचा, उकळत्या पाण्याचा अर्थ मला आज कळला. मास्तरांच्या पोरीला ती चार महिने आधी वाचवत होती, माझ्याच घरात, माझ्या नकळत.

३१ ऑगस्ट

रोज डबा घेऊन जातो. दुसरं काही करता येत नाही. तिच्या खाटेजवळची खिडकी कायम उघडी असते, डॉक्टरांचा तसा हुकूम आहे. आज मी स्टुलावर बसून होतो. तिने हळूच म्हटलं, "काऊन इतके वाळले काका? जेवत जा." मग खिडकीकडे बघून म्हणाली, "हवा चांगली हाये हो इथली. तुम्ही म्हनत होते तशीच."

ती मला टोचून बोलली नाही. खरंच मनापासून म्हणाली. मला तिथून उठताही येईना आणि बसवतही नव्हतं.

९ सप्टेंबर

आशा आज सकाळी गेली.

१० सप्टेंबर

पाटी काढायला शिडी लावली. खिळे गंजले आहेत, एकट्याला निघेनात. नीळकंठ वकील समोरून आले, त्यांनी शिडी धरली. दोघांनी मिळून काढली. त्यांनी एकही विनोद केला नाही.

२९ ऑक्टोबर

बाजारात सीताफळं आली आहेत. डोंगरातल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन उतरतात. मी दुसऱ्या रस्त्याने जातो.

आज दुपारी पुंजाजी दारात उभा राहिला. मी ओसरीवर होतो, उठून उभा राहिलो आणि तसाच राहिलो.  त्याच्या हातात आमचं तांब्याचं तबक होतं, मे महिन्यातलं, फडक्याने झाकलेलं. शैलजा बाहेर आली. म्हणाली, "वाण दिलेलं परत घेत नाहीत रे बाबा."

"वाण परत नाही आनलं आत्या. भांडं आनलं." त्याने फडकं काढलं. तबकात सीताफळं होती, डोळे उघडलेली, पिकायला आलेली. "ती म्हनत होती, दसरा झाला का काकाकडे सीताफळं खायले जाऊ. काकानं बोलावलं हाये. म्हनून आलो."

शैलजाने त्याला आत नेलं, पाट मांडला. त्याने मलाही हाक मारली. मी जाऊन बसलो. त्याने एक फळ फोडलं, अर्धं माझ्यासमोर ठेवलं आणि अर्धं स्वतः घेतलं. माझ्याकडे न बघता खाऊ लागला. मीही खाल्लं. बिया ताटलीत काढून ठेवल्या.